जगाच्या नकाशाला शिवण

जगाच्या नकाशाला सुईदोऱ्याने शिवण घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मधली सुट्टी होती. आमचे भूगोलाचे सर डबा बाजूला सारून भर स्टाफरूममध्ये शिवत बसले होते. शाळेचा भिंतीवर टांगायचा कापडी नकाशा टेबलावर पसरलेला, आणि लाल दोऱ्याचा टाका अटलांटिक महासागराच्या बरोबर मधून खाली उतरत चाललेला. मी शाळेत नवीन होते, मराठी शिकवायला. न राहवून म्हटलं, "सर, अहो, शाळेचा नकाशा आहे तो."

"म्हणून तर शिवतोय. घरचा असता तर पेन्सिलीने भागवलं असतं." मान वर न करता त्यांनी आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला आणि हिंदी महासागरात शिरले. "चेंडूला असते ना बाई, तशी शिवण आहे ही पृथ्वीला. सगळ्या समुद्रांच्या तळातून फिरलेली डोंगरांची रांग. इथंच फाटतंय आणि इथंच नवं निघतंय. आणि हे नकाशेवाले? निळा रंग फासला की मोकळे! अर्ध्याहून जास्त पृथ्वी रंगाखाली दडपून टाकली, कोणी विचारणारा नाय!"

त्या टाक्यांबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. शालेय मालमत्तेची नासधूस. त्याच शाळेत पृथ्वीचा गोल आस मोडून तीन वर्षं कपाटावर आडवा पडला होता, त्याच्याबद्दल कोणाला समज मिळाली नाही. मोडलं तर चालतं, शिवलेलं चालत नाही, असा तो कारभार. मला तेव्हाही संताप आला होता आणि आज सत्तरी ओलांडली तरी येतो. पण एक आधीच सांगून टाकते. त्यांना शिक्षा देणाऱ्यांच्या यादीत पुढे माझंही नाव लागलं. ते सांगायलाच बसले आहे, तेव्हा टाळणार नाही.

सर मूळचे येवल्याचे, विणकराच्या घरातले. थोरला भाऊ पैठणीच्या मागावर बसायचा. हे तेवढे शिकले आणि नाशकात मास्तर झाले. काटकुळे, उन्हापावसात एकच काळी छत्री, आणि बोलणं प्रमाण मराठीत सुरू होऊन तापलं की येवल्यावर जाणारं. मुलं त्यांना 'दर्यासारंग' म्हणत, कारण बारा महिने ते समुद्राच्या तळाबद्दल बोलायचे आणि त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. एका वर्षी शाळेची सहल मुंबईला निघाली, तर भूगोलाचे शिक्षक म्हणून पहिलं नाव त्यांचं. ते म्हणाले, "वरचं पाणी बघून काय करू? तळ दाखवणार असतील तर येतो." सहलीला पी.टी.चे मास्तर गेले.

हे सगळं ज्ञान यायचं रद्दीच्या दुकानातून. कुठून कुठून आलेली जुनी इंग्रजी मासिकं ते किलोवर घ्यायचे आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे. एका लेखाचं शेवटचं पान कोणीतरी फाडलेलं होतं. त्या एका पानासाठी दोन वर्षं ते नाशकातल्या एकूण एक रद्दीवाल्याकडे चौकशी करत होते. "माणसाने भजी बांधली असतील त्याच्यात," असं ते इतक्या तळतळाटाने म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपणच ती भजी खाल्ल्यासारखं वाटावं.

त्यांच्या डाव्या करंगळीचं नख हा एक वेगळाच विषय होता. शाळा उघडली की ते नख कापणं बंद. वर्षभर ते वाढायचं, वाकडं व्हायचं, खडूने पांढरं पडायचं. नव्या शिक्षिका त्यांच्याकडे संशयाने बघायच्या, हा माणूस मंत्रतंत्र करतो की काय म्हणून. परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला ते हात पट्टीवर ठेवायचे आणि वर्गाला जवळ बोलवायचे. "बघा. साधारण एवढाच अटलांटिक यंदा रुंद झाला. तुम्ही नववीत बसला होता तेवढ्यात. आता कापतो." आणि खरंच कात्री काढून कापायचे. एका वर्षी जानेवारीत खिडकी लावताना नख मोडलं, तर हा गृहस्थ दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

संध्याकाळी गोदावरीच्या, म्हणजे नाशिककरांच्या गंगेच्या घाटावर कधी भेटले तर छत्रीचं टोक पायरीवर आपटून दाखवायचे. "हा काळा दगड बघा. समुद्राच्या तळाशी निघतो तो याच जातीचा. आपला जमिनीवर निघाला आणि थरांवर थर साचत राहिला. तिकडचा पाण्याखाली निघतो आणि दोन बाजूंना सरकत जातो. नाशिककरांनी तरी समुद्राच्या तळाला परकं मानू नये." धुणी धुणाऱ्या बायका थांबून बघत. त्यांच्यासमोरही ते तितक्याच मनापासून आपटून दाखवत.

आता त्या तासाबद्दल सांगते. आमच्या शाळेत दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. एका अंगाला माझी आठवीची मराठी आणि दुसऱ्या अंगाला त्यांचा नववीचा भूगोल. माझ्या वर्गाला कवितेपेक्षा भूगोल जास्त ऐकू यायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही. समुद्रतळाचा तास आला की ते दोन बाकं जोडून मध्ये बोटभर फट ठेवायचे. भावाकडून त्यांनी एकसारख्या दोन सुती पट्ट्या विणून आणल्या होत्या. काळे-पांढरे आडवे पट्टे, कुठे दोन बोटं रुंद, कुठे वीतभर, पण एका पट्टीत जसे तसेच्या तसे दुसरीत. दोन मुलं बाकाखाली बसून दोन्ही पट्ट्या फटीतून वर सरकवायची, आणि वर दोघी मुली एकेक टोक धरून उजवी-डावीकडे ओढत न्यायच्या. फटीच्या दोन्ही अंगांना पट्टे आरशात बघितल्यासारखे जुळायचे.

"दगड थंड होताना त्यातले लोखंडाचे कण होकायंत्रासारखे एका दिशेला तोंड करून थिजतात," पार्टिशनपलीकडून आवाज यायचा. "आणि हजारो-लाखो वर्षांत पृथ्वीचं चुंबक मधूनमधून उलटं होतं. उत्तरेचं दक्षिण. म्हणून काळा पट्टा, पांढरा पट्टा. दोन्हीकडं सारखे का? कारण दोघांचा जन्म एकाच फटीत. फटीजवळ आहे ते कालचं, टोकाला आहे ते पणजोबांच्या पणजोबांचं."

मग हमखास कोणीतरी म्हणायचं, की सर, खाली आग आहे म्हणून दगड वितळतो. त्यावर ते इतके चिडायचे की माझ्या वर्गातली मुलं दचकायची. "आग कोणी पेटवली? तुझ्या मामानं? दगड खाली आधीच तापलेला आहे. पण वर एवढं ओझं आहे की तो घट्टच राहतो. वरची जमीन दोन बाजूंना सरकली की खालचा दगड वर येऊ लागतो, आणि वर येता येता त्याच्यावरचं ओझं हलकं होतं. दाब कमी झाला की वितळतं! सगळं नाय, थोडं. आच वाढवावी लागत नाय." 'दाब कमी झाला की वितळतं' हे वाक्य माझ्या आठवीच्या मुलांनी निबंधातसुद्धा लिहिलेलं मी तपासलेलं आहे.

ज्या दिवशी तपासणीचे साहेब आले, त्या दिवशी नेमका हा तास होता. पुस्तकात समुद्राच्या तळाबद्दल जेमतेम अर्धं पान होतं, आणि त्यात यातलं काही नव्हतं. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी बजावलं होतं की पुस्तकातली नद्यांची माहिती घ्या. सरांनी पट्ट्याच काढल्या. साहेब मागच्या बाकावर बसलेले, मुख्याध्यापक दाराशी उभे, आणि सर रंगात आलेले. "वितळलेला दगड थंड पाण्यात निघाला की वरून लगेच थिजतो, आत मऊ. असे गोल गोळे एकावर एक साचतात. उशांसारखे! त्याच्याखाली उभ्या चिरांत भरलेला दगड, त्याच्याखाली सावकाश निवलेला रवाळ दगड. गादी आहे, उशा आहेत, ऊब आहे. पोरांनो, ही समुद्राची बाळंतिणीची खोली आहे. जमीन इथं बाळंत होते!"

मग एका मुलीचा आवाज आला. ती सुरगाण्याकडची, शहरात वसतिगृहात राहून शिकणारी होती. "सर, रोज नवी जमीन निघती, तर मग पृथ्वी फुगत काऊन नाय?"

"शाबास! हा प्रश्न मोठमोठ्यांना पडला. फुगत नाही, कारण दुसऱ्या टोकाला स्मशान आहे. तिथं खोल गर्ता आहेत, जुना तळ तिथं परत खाली जातो. म्हणून समुद्र एवढा जुना, पण त्याचा तळ तरुण."

मी हातातली कविता विसरून ऐकत उभी होते. असा तास मी पुन्हा ऐकला नाही.

साहेबांना काय वाटलं मला माहीत नाही. जाताना ते एवढंच म्हणाले म्हणे, की अभ्यासक्रमाबाहेरचं आहे आणि शब्द जरा सांभाळून वापरावेत. तेवढं मुख्याध्यापकांना पुरलं. नकाशा शिवल्यापासून त्यांचा सरांवर डोळा होताच. दोन दिवसांत कागद तयार झाला. पाठ्यपुस्तक सोडून शिकवणे, आणि विद्यार्थिनींच्या उपस्थितीत अनुचित शब्द वापरणे. अनुचित शब्द कुठला? बाळंतीण! त्या वर्गातलं एकही मूल त्याशिवाय जगात आलेलं नव्हतं. ज्या पुरुष शिक्षकांचे विनोद ऐकून मला स्टाफरूममधून उठून जावं लागायचं, त्या सगळ्यांना या शब्दाने एकाएकी संकोच वाटू लागला. चहा पिता पिता "हे जरा अतीच झालं" असं म्हणत माना हलवत होते. मला वाटत होतं एकेकाच्या कपात मीठ घालावं.

मग मला बोलावणं आलं.

"बाई, तुम्ही पलीकडच्या वर्गात होता. तुम्हाला सगळं ऐकू येतं ना?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"येतं, सर."

"मग तेवढंच लिहायचं आहे. एका स्त्री-शिक्षिकेची सही असली म्हणजे बरं दिसतं." कागद तयारच होता. 'मी शेजारच्या वर्गात असल्याने सर्व स्पष्ट ऐकू येत होते. सदर शब्दांमुळे विद्यार्थिनींना लज्जा वाटली.' त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. "तुम्हाला कायम करण्याचा प्रस्तावही याच आठवड्यात पाठवायचा आहे."

मी सही केली. कारणं पुष्कळ होती. दोन वर्षं हंगामी होते, घरात दुसरा पगार नव्हता. पण कारणं सांगत बसले तर त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला? वीस मिनिटांपूर्वी मनात मीठ घालणारी मी, मुख्याध्यापकांनी दिलेला चहा पिऊन त्यांच्या खोलीतून बाहेर पडले.

शाळेत काही लपत नाही. चार दिवसांनी ती सुरगाण्याची मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, आम्हांला लाज वाटली असं तुम्हांला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "जा वर्गात."

ती हलली नाही. "माझी आई बाळंत झाली तवा पाणी मीच तापवलं होतं. लाज काय त्याच्यात? सरांचं मला सगळं समजलं होतं. पहिल्यांदा समजलं होतं." मग गेली.

सरांचा नववी-दहावीचा भूगोल काढून घेतला. त्यांच्याकडून भूगोल काढून घेणं म्हणजे काय, हे त्या नखावरून कळलं. पुढच्या वर्षी दिवाळी आली तरी ते कापलेलंच होतं. पाचवीचं हस्ताक्षर आणि कार्यानुभव त्यांच्या गळ्यात मारला. विणकराच्या पोराला टकळी फिरवायला लावली, आणि "तुमच्या घरचंच काम आहे" असं वर हसून सांगितलं. मला वाटलं आता हा माणूस पेटून उठेल, वर अर्ज करेल, निदान मुख्याध्यापकांना दोन शब्द सुनावेल. काही नाही. नकाशातल्या निळ्या रंगावर आकाशपाताळ एक करणारा माणूस स्वतःवरच्या अन्यायावर चकार शब्द काढेना. मला सकाळी भेटले की आधीसारखंच "नमस्कार, बाई". त्या नमस्काराने माझा जीव जळायचा. एकदा तरी तोंड फिरवायचं होतं त्यांनी.

कार्यानुभवाच्या तासाला काय चालतं हे बघायला कोणी फिरकत नसे. सरांनी पाचवीच्या पोरांना हातमागाची लाकडी चौकट करून दिली आणि पट्ट्या विणायला लावल्या. दर वर्षी एक काळा किंवा पांढरा तुकडा, दोन प्रती, एकसारख्या. शिपाईमामा तो नवा तुकडा जुन्या पट्टीच्या बाहेरच्या टोकाला शिवायला गेले, तेव्हा सर ओरडलेच. "तिकडं नाय! विणकर शेवटाला जोडतो. समुद्र मधी जोडतो. नवं फटीकडं लावा." मामा बिचारे उसवत बसले. अशी वर्षं गेली आणि पट्ट्या वाढत वाढत वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहोचल्या. अगदी टोकाला भावाने विणलेलं मूळ कापड, ते पिवळं पडलेलं, आणि फटीशी यंदाच्या पोरांचे वाकडेतिकडे धागे.

आणि मग पुस्तक बदललं. मधल्या काळात मी कायम होऊन जुनी झाले होते, सरांचे केस पिकले होते. नव्या पुस्तकात समुद्रतळाचा विस्तार आला, चित्रासकट. तालुक्यातालुक्यांतून भूगोलाचे शिक्षक आमच्या शाळेत प्रशिक्षणाला आले, चांदवडचे, पिंपळगावचे, येवल्याचेसुद्धा. मुख्याध्यापक तेच. त्यांनी भाषणात सांगितलं की आमच्या शाळेने या विषयासाठी एक शैक्षणिक साधन विकसित केलेलं आहे. शाळेने! सर हॉलच्या मागच्या दाराशी उभे होते. त्यांना बोलावलं नव्हतं. पट्ट्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती, तेवढ्यापुरते ते आले होते.

दोन टेबलं जोडली, मध्ये फट ठेवली. मुख्याध्यापकांनी हौसेने दोन शिक्षकांना पट्ट्यांची टोकं धरायला लावली आणि म्हणाले, "आता हळूहळू आत सोडा. बघा, समुद्राचा तळ असा सरकतो." काळे-पांढरे पट्टे दोन्हीकडून येऊन फटीत गडप होऊ लागले. सगळे टिपून घेत होते.

"उलटं!"

मागच्या दारातून सर धावत आले, शब्दशः धावत. मला वाटलं, आता होतंय. इतक्या वर्षांचं सगळं आता बाहेर निघणार. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

"उलटं चाललंय, साहेब! तुम्ही पुरताय त्याला. ही जन्माची जागा आहे, स्मशान तिकडं, टोकाला. बाहेर ओढा, बाहेर!" त्यांनी मुख्याध्यापकांना कोपराने बाजूला केलं आणि स्वतः टेबलाखाली शिरून पट्ट्या वर सरकवू लागले. पिकल्या केसांचा माणूस, टेबलाखाली मांडी घालून. साधन कोणाचं, कल्पना कोणाची, यावर एक अक्षर नाही. तळ योग्य दिशेला सरकला, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. खालून आवाज आला, "आता लिहा. दाब कमी झाला की वितळतं." पन्नास शिक्षकांनी ते लिहून घेतलं. मुख्याध्यापकांनी आभार मानताना त्यांचं नाव घेतलं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर सर एकटेच पट्ट्या गुंडाळत बसले होते. मी गेले. माझा आवाज रागाने चिरकत होता. "सर, तुम्ही बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर सांगायचं होतं, हे माझं आहे म्हणून!"

"माझं कुठं? भावानं विणलं, पोरांनी वाढवलं. आणि समुद्र तर कोणाचाच नाय."

मग माझ्या तोंडून ते निघालं, इतक्या वर्षांनी. "सर, तो कागद होता ना, त्याच्यावर सही माझी होती."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तेव्हापासूनच. मला वाचायला दिला होता. खाली खुलासा लिहायचा होता ना." त्यांनी गुंडाळी गुडघ्यावर ठेवली आणि चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लिहिलं होतं, सर्व स्पष्ट ऐकू येत होतं. ते खरं होतं का?"

"हो, सर."

"मग सांगा. समुद्राखाली दगड वितळतो कशानं? आग पेटवावी लागते?"

मी चाळिशीची बाई, त्या रिकाम्या हॉलमध्ये हात बांधून उभी राहिले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. "नाही, सर. दाब कमी झाला की वितळतो."

"सगळा?"

"थोडाच."

"बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला तो बघवेना. शिव्या द्यायच्या सोडून त्यांनी मला पास केलं होतं. त्या माणसाचा मला आजवर आलेला सगळ्यांत मोठा राग तो. त्यांनी पट्टीचं टोक, भावाने विणलेलं ते पिवळं टोक, माझ्या हातात दिलं. "नुसत्या उभ्या राहू नका, बाई. धरा हे. आणि ताठ धरा, सैल पडलं की पट्टे जुळत नाहीत."